कोणाच्या खोलीत कोण

३ मार्च

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." आई म्हणाली होती, मी नववीत असताना, पाहुण्यांसमोर. सगळे हसले होते. मीही.

आज ते आठवलं, कारण सहलीच्या पालकसभेत मी छाती ठोकून म्हणाले – "औषध, भीती, सवय, काहीही असो, मला सांगा. माझ्यापाशी राहील."

सभा संपल्यावर खारूताईची आई मागे थांबली. (खारूताई म्हणजे माझ्या वर्गातली पेनं कुरतडणारी. नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात.) अगदी हळू म्हणाली, "नवीन जागी झोपली की अजून अंथरूण ओलं करते हो, बाई. परदेशात, परक्या मुलींबरोबर... पाठवू ना?"

"पाठवा! मी आहे ना!"

४ मार्च

अवघड काहीच नाही. मेणकापड माझ्या बॅगेत. खोली माझ्या शेजारची. रात्री एकदा हळूच उठवायचं. फक्त सोबतीला समजूतदार मुलगी हवी.

चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिला पासपोर्ट – मुलींपेक्षा मीच हुरळलेय! नवे बूट घेतले, घरात घालून फिरतेय. खेळाच्या बाई राखीव आहेत, त्यांचाही व्हिसा झालाय. म्हणाल्या, "तुम्ही नुसत्या शिंकलात ना, तरी मी विमानात जाऊन बसेन!"

६ मार्च

कोणाच्या खोलीत कोण, हे ठरवायला बसले. मॉनिटरला बाजूला घेतलं. सांगितलं. सगळंच सांगितलं. "तू शहाणी आहेस म्हणून तुला." तिने मोठ्या बाईसारखी मान डोलावली.

किती बरं वाटलं मला! स्वतःचंच कौतुक.

१० मार्च

दिवसभर प्लगचे अडॅप्टर आणि उलटीच्या गोळ्या. दुसरं काही नाही.

१२ मार्च

बॅगांची तालीम होती. माझीच कल्पना – जिची बॅग तिनेच दोन मजले चढवायची, दमली तर सामान कमी करायचं. मजा चालली होती. "तिसरा स्वेटर कशाला गं? लग्नाला चाललीस?"

मग मी म्हटलं, बाहेरच्या कप्प्यात पासपोर्ट ठेवायचा नाही, तिथे कोणीही हात घालू शकतं. उघडा बघू कप्पे.

मीच म्हटलं.

खारूताईने उघडला. आतून तान्ह्या बाळाचं डायपर निघालं. नीट घडी, वर रिबीन.

कोणीतरी फिसकन हसलं. मग बऱ्याच जणी.

तिने ते परत आत ठेवलं. चेन लावली. बॅग उचलली आणि जिना उतरायला लागली. मी धावत जाऊन गाठलं. वळली नाही. म्हणाली, "मी तुम्हाला नव्हतं सांगितलं, बाई. आईने सांगितलं. मी आईला म्हटलं होतं, कोणालाच नको."

१३ मार्च

मॉनिटरला बोलावलं. ढसाढसा रडली. "मी फक्त एकीला सांगितलं, बाई. ती शहाणी आहे म्हणून."

कोणत्या तोंडाने रागावू?

१४ मार्च

वर्गात उभी राहिले. म्हटलं, चूक माझी, गोष्ट माझ्याकडून फुटली. मुली खाली बघत होत्या. तिचा बाक रिकामा.

घरी येताना लक्षात आलं – आजही मी तिच्याबद्दल तिच्यामागेच बोलले! जीभ हासडून टाकावीशी वाटली.

१६ मार्च

तिच्या घरी गेले. आईने दार उघडलं. पाणी दिलं. बसा म्हणाली नाही.

बॅग दाराशीच होती, भरलेली. "रिकामी करू देत नाही मला," आई म्हणाली.

आतल्या खोलीतून आवाज आला, "मला जायचंय."

मी पुढे झाले. दार लोटलेलंच राहिलं.

"खेळाच्या बाई येणार असतील तर."

मुलींचं हसणं ती सोसेल. माझी माया नाही सोसवत तिला. शेजारच्या खोलीत, मेणकापड घेऊन जागी बसलेली मी...

१७ मार्च

बूट खोक्यात घालून ठेवले.

उद्या मोठ्या बाईंकडे जायचंय. तिकिटं निघालीत, ऐन वेळी हे काय खूळ, म्हणतील. विमानाला घाबरली, असंही म्हणतील. कारण सांगितलं तर कदाचित ऐकतील. पण ते माझं नाही.

तेवढंच पाठ करून ठेवलंय – का ते विचारू नका, बाई. माझ्याऐवजी खेळाच्या बाईंना पाठवा.