बॉयलर बिघडला नव्हता

माझे लाडके बाबा,

ॲबर्डीनहून तुम्हाला घट्ट मिठी.

शनिवारी सकाळी घर पार गारठलं होतं. तुमचा जावई ॲलस्डेर लगेच प्लंबरला फोन करायला निघाला. मी म्हटलं, "थांब जरा. प्लंबरची मुलगी घरात आहे."

तुम्ही शिकवलंत तसं एकेक बघत गेले. शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस होता. बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटाही जागेवर होता. मग तुम्ही लग्नात दिलेल्या किल्लीने खोल्या तापवणाऱ्या सगळ्या रेडिएटरांत अडकलेली हवा काढली आणि गालिचा भिजवून ठेवला.

शेवटी पॅसेजमधून ॲलस्डेरचा आवाज आला, "बाईसाहेब, थर्मोस्टॅटची चकती बारा अंशांवर कुणी आणून ठेवलीय?"

मीच. चहाचा कप घेऊन जाता जाता माझा हात आपोआप त्या चकतीकडे गेला असणार, तुमचा जायचा तसाच. "बापाची लेक शोभतेस," म्हणाला, आणि दिवसभर हसत होता.

तुमचा खोकला कसा आहे? तुमच्या शेजारच्या मिसेस प्रॉबर्ट फोनवर म्हणाल्या, तुम्ही घरातही कोट घालून बसता. तुम्ही गॅस वाचवायला चकती खाली केलीत की आई मागून जाऊन गुपचूप वर करायची. आता ती तुम्हालाच वर करायची आहे, बाबा.

तुमच्याच वळणावर गेलेली,
नेरिस