नऊ वेळा ५.८

३ जून
ताईला घरी बसवलं! रक्तपेढीत अठरा वर्षं काढली तिने. फ्रीज बंद पडला, चाळीस पिशव्या रक्त फेकावं लागलं. वहीत तिने तासातासाला तापमान लिहिलंय — नऊ वेळा ५.८. चौकशीवाले म्हणाले, "नऊ तास तोच आकडा? न बघता उतरवलात." ताई म्हणते, स्क्रीनवर तेच होतं.

स्क्रीनमागचा प्रोग्राम मी लिहिलाय, तो असा अडकणार नाही. म्हणजे ताई खोटं बोलते?

४ जून
ऑफिसात साहेबांना म्हटलं, कोड बघते. "कशाला नसतं उकरून काढतेस?" जेवण गेलं नाही.

५ जून
सापडलं. माझंच.

तापमान मी प्रोग्रामच्या एका बंद कप्प्यात, क्लासमध्ये, प्रायव्हेट ठेवलं होतं. बाहेरून कोणी हात लावायचा नाही, नवा आकडा प्रॉपर्टी नावाच्या एकाच दारातून आत येणार, तोही तपासून. किती टेंभा मिरवला होता मी! तार हलली की सेन्सर उणे एकशे सत्तावीस सांगायचा, म्हणून अट घातली — दोन ते सहा अंश असेल तरच घे, नाहीतर टाकून दे, जुना राहू दे. रक्ताला चालणारं तापमान आणि खरं असू शकणारं तापमान, मला दोन्ही एकच वाटलं. मूर्ख! फ्रीज तापत गेला. सात, नऊ, चौदा — प्रॉपर्टीने सगळे परत पाठवले. स्क्रीनवर शेवटचा ५.८ तसाच. घंटा सहाच्या वर वाजायची होती. तीही त्या प्रॉपर्टीलाच विचारते.

ताईने डोळे उघडे ठेवून नऊ वेळा खरं लिहिलं.

६ जून
साहेबांना दाखवलं. "अट बदल. गुपचूप. आणि बहिणीसाठी बोलतेस म्हटल्यावर तुझं ऐकणार कोण?"

बदलली. दोन ओळींचं काम. स्वतःची किळस आली.

७ जून
दिवसभर पडून. ताईचा फोन — "जेवलीस का?" हो म्हटलं. कोडचं न सांगताच फोन ठेवला.

८ जून
जुना कोड छापून घेतला. उद्या चौकशीत ठेवते. नोकरी गेली तर जाऊ दे.

९ जून
कागद कोणी हातातसुद्धा घेतले नाहीत. चौकशी संपली. ताईने परवाच लिहून दिलं — फोन केला त्याच दिवशी — "स्क्रीन न बघता आकडे लिहिले." खाली सही.

तशीच तिच्याकडे गेले. का, म्हणून ओरडले. ती भाजी निवडत होती.

"चूक कुठे आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं गं. प्रोग्राम बसवलास तेव्हा तूच सांगत होतीस ना — ताई, चुकीचा आकडा मी आत येऊच देत नाही!"