नवा शनिवार

आई,

तुमी मारुतीच्या देवळातून याल तोवर मी आणि शेजारच्या गोजरकाकी पहिल्या एसटीने शहापूरला निघालेलो असू. मार्टच्या कुपनाचा आज शेवटचा दिवस आहे. हजाराचा माल घेतला तरच तेलाची पिशवी अर्ध्या किमतीत देतात, म्हणून दोघींचं सामान एकाच बिलात करणार आहोत.

चुलीवर टोपात डाळ आहे. मूठभरच उरली होती, शेवग्याचा पाला टाकून वाढवली. भाकऱ्या फडक्यात आहेत.

आता रागावू नका. सोमवारचा उपास तुमचा लग्नाआधीपासूनचा, त्याला मी काय बोलत नाय. पण तुमच्या लेकाची कंपनी बंद पडली आणि गुरुवार सुरू झाला, मग मंगळवार, आता शनिवार. साबुदाणा महाग, म्हणून उपासालाही नुसता कोरा चहा, आणि त्यावर शुगरची गोळी! काल बोरिंगवर चक्कर आली ती उन्हाची नव्हती. यांना मी अजून काय सांगितलं नाय. परत असं झालं तर सांगेन.

डाळीत सुकट पण टाकलीय, तुमाला आवडते म्हणून. मारुतीला मी समजावते, तो काय तुमच्या पोटावर उठलेला नाय.

मी पण आज चहावरच निघालेय. आल्यावर आधी टोप बघेन. तुमी जेवला असाल तर मी जेवेन. नाय तर आजपासून माझा पण शनिवार.

स्नेहल