बाराचा दुपट्टा

अमरावती,
बुधवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे

तीर्थस्वरूप अक्कास धाकट्या खुशालचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, तुझा कूलर आणि तुझी संत्र्याची बाग, तिन्ही या उन्हात टिकून असतील अशी आशा आहे. आंबिया बहाराची फळं फार गळताहेत का, तेही कळव. फोन करता आला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र. शेजारच्या माणिकबाई उद्या सकाळच्या एसटीने मोर्शीला माहेरी येताहेत, त्यांच्या हाती देतो आहे. (अक्षर माझं वाटणार नाही. खुलासा शेवटी.)

कुलदीपचा तुला फोन आलाच असेल. बाबा रस्त्यात बेशुद्ध पडले, पिवळे पडले, आता शनिवारी जाऊन त्यांना कायमचं पुण्याला आणतो आणि घराला कुलूप लावतो, असं तो म्हणाला असेल. त्यातलं शनिवारचं खरं आहे. मी जायला तयार आहे, माझी काही तक्रार नाही. तेवढी घडलेली हकीकत तुला बरोबर कळावी, एवढीच इच्छा.

मार्च लागला तशी आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राने उन्हाळ्याची तयारी सुरू केली. उष्माघात कक्ष उघडला. दोन खाटा, वाळ्याच्या नव्या ताट्यांचा कूलर, बर्फाची पेटी, सलाइनच्या बाटल्या, सगळं जय्यत. फक्त पेशंट नव्हता. आमच्या गल्लीची आशाताई मंजुषा (पोरगी कामाची आहे, पण फार बोलते) घरोघर फिरून एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करून गेली. यादीत पहिलं नाव गयासुद्दीनचं आणि दुसरं माझं. मी तिला सांगितलं की एकतीस वर्षं डेपोत वाहतूक नियंत्रक होतो, अख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या वेळेवर सोडल्या, माझ्यावर कुणी लक्ष ठेवायची गरज नाही. तिने ऐकून घेतलं आणि माझं वय लिहिलं.

गयासुद्दीन तुला आठवत असेल. गाड्यांच्या पाट्या रंगवायचा तो पेंटर. 'अमरावती–परतवाडा' अशी पाटी त्याने लिहावी आणि मी ती गाडी सोडावी, असा आमचा चाळीस वर्षांचा घरोबा. संध्याकाळचा चहा त्याच्याकडे नाहीतर माझ्याकडे. याच माणसाला आरोग्य केंद्राने गल्लीतल्या भिंती रंगवायचं काम दिलं. माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर त्याने 'दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका' असं झोकात लिहिलं, इथवर ठीक. पण खाली उन्हात पडलेला एक म्हातारा काढला. नाक माझं, मिशी माझी, आणि घड्याळ उजव्या मनगटावर. अक्का, या गल्लीत उजव्या हाताला घड्याळ बांधणारा दुसरा कोण आहे? भाजीवाली रोज तब्येत विचारू लागली. मी जाब विचारला, तर म्हणे, म्हातारा काढायला बसलं की हाताला सवयीचा म्हातारा येतो. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं. चहाही घरीच करून पिऊ लागलो. (चहात दम नसतो, हे कबूल करतो.)

आणि मंजुषाने नेमकी आमची दोघांची जोडी लावली. यादीतल्या दोघा-दोघांनी रोज दुपारी एकमेकांची खबर घ्यायची, खबर नाही मिळाली तर तिला फोन करायचा, अशी योजना. आम्ही बोलत नाही, असं दोघांनीही तिला वेगवेगळं कळवलं. मग तिनेच तोड काढली. आमच्या मागच्या खिडक्या बोळापलीकडे समोरासमोर आहेत. बाराच्या आत ज्याने त्याने आपल्या खिडकीत ओला दुपट्टा टांगायचा. दुपट्टा दिसला म्हणजे माणूस धड आहे. दोन महिने ही सेवा बिनचूक चालली. त्याचा दुपट्टा अधूनमधून तीन-चार मिनिटं लेट असायचा, पण कलाकार माणूस म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

परवा सोमवारी बारा वाजले, बारा दहा झाले, त्याची खिडकी उघडीबोडकी. नियमाप्रमाणे मंजुषाला फोन करायला हवा होता. पण ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याच्या काळजीने फोन करायचा, हे मला जरा अवघड वाटलं. स्वतःच मागच्या दाराने निघालो. टोपी राहिली. दोन्ही पायांत डाव्या चपला होत्या, असं मागाहून कळलं. पारा सेहेचाळीसवर. त्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. बाहेरून कुलूप म्हणजे माणूस आत मरून पडलेला नाही, एवढं कुणालाही कळेल. मला कळलं नाही. मी दार बडवत राहिलो. तुला खोटं कशाला सांगू, मी फार घाबरलो होतो.

तिथून वळसा घालून माझ्या घराच्या दर्शनी बाजूला आलो, तर डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून हा गृहस्थ माझ्याच भिंतीपुढे स्टुलावर उभा. चित्रातल्या म्हाताऱ्याची मिशी पुसत होता. घड्याळ आधीच पुसून झालं होतं. मी दुपारचा झोपतो, तेवढ्यात उरकून घ्यावं, असा त्याचा बेत. ते पाहून मला राग आला, की बरं वाटलं, ते ठरायच्या आत मी जरा खाली बसलो.

डोळे उघडले तेव्हा तो माझ्यावर पाणी मारत होता.

"काहून निघाले होते उन्हात?"

"तुमचा दुपट्टा दिसून नाही राहिला."

"अरे, माह्या डोक्यावर हाये ना तो," एवढं बोलून तो रडायलाच लागला.

पाणी पिवळ्या डिस्टेंपरच्या डब्यातलं होतं, म्हणून केंद्रात गेल्यावर नर्सने आधी काविळीची चौकशी केली. सेवा मात्र उत्तम झाली. दोन महिन्यांनी पहिला पेशंट मिळालेला, सगळे आनंदात. सज्जतेचा पुरावा म्हणून माझा फोटो काढला, तो गल्लीच्या ग्रुपवर गेला, तिथून कुलदीपकडे. मंजुषाने आम्हा दोघांना शेजारी बसवून सगळ्यांदेखत झापलं. संध्याकाळी घरी सोडलं. आता ठणठणीत आहे.

सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुझा,
खुशाल

ता. क. : सलाइनच्या सुईने उजवा हात सुजला आहे, म्हणून मी सांगतो आणि गयासुद्दीन लिहितो आहे. त्याला झोकात लिही म्हटलेलं नाही, सवयीने होतं.

ता. क. दुसरा : कुलदीप माझं ऐकत नाही. तुझ्या हातचा कडुनिंबाचा फोक त्याला अजून आठवतो, तुझं ऐकेल. शनिवारी ये, चार दिवस राहा, पण बापाला नेऊ नको, असं त्याला सांग. माझं काही नाही, मी कुठेही राहीन. पण या गयासुद्दीनचं वय झालं. मी गेलो तर बाराला त्याची खिडकी कोण पाहील?

ता. क. तिसरा : अक्का, आदाब. मी गयासुद्दीन. यायनं सांगतलं तसं सारं लिहिलं, पण हे खाली बसले नोते, सपशेल आडवे पडले होते. पाणी मारलं तवा डोळे उघडाच्या आधी यायनं माहंच नाव घेतलं, थे मले लिहू नाही देलं. माह्या वयाचं जाऊ द्या, पण शनिवारी समोरच्या खिडकीले कुलूप लागलं, त मी दुपट्टा कोणाले दाखवू? कुलदीपले आजच फोन करा. हे चष्मा शोधाले आत गेले हायेत, मून एवढं लिहाले भेटलं. चष्मा माह्या खिशात हाये.