नंदाचं पान आणि लाल पट्टी

सोम. ९
आणि वर मलाच म्हणतो, "मावशी, घर-घर घुमाती हो, इसलिए बंद हुआ." अरे, टायपिंगचं सॉफ्टवेअर भरून पेनड्राइव्ह देताना कोण बोललं होतं, किधर भी लगाओ, चलेगा? कॅम्प पाचचा कॉम्प्युटरवाला किशोर. विकताना ओरिजिनल, आता तोंड फिरवतो.

स्थळं जुळवते मी, माझ्याकडे कुठे कॉम्प्युटर? ज्यांचं स्थळ त्यांच्याच घरी पेनड्राइव्ह लावायचा, सगळ्यांसमोर एका बोटाने बायोडेटा टाइप करायचा. मग कोणी म्हणत नाही, आम्ही असं बोललोच नव्हतो. आज शिरगावला नंदाकडे लावला तर वर लाल पट्टी. ॲक्टिव्हेशन करा म्हणे. जुनं वाचता येतं, नवीन अक्षर उठत नाही.

नंदाचा नवरा गेला, पदरी मुलगी. दोन वर्षं मागे लागले तेव्हा कुठे दुसऱ्या लग्नाला हो म्हणाली. रविवारी मोरिवलीत वधू-वर मेळावा. पट्टी बघून म्हणते, "राहू दे ताई." तिची आई कानात, "पोरीचं आत्ता नका लिहू हां." डोकं फिरलं.

मंगळ. १०
भाची पल्लवीला दाखवलं. हापिसात कॉम्प्युटरवरच असते. हसली. "आत्या, चोरीचं आहे हे. विकतचं असं खिशात घालून दहा घरी नाही चालत. किशोरने कुलूप तोडून दिलंय." परत तोडून देणारे आहेत म्हणे, दोन मिनिटांचं काम. नाहीतर फुकटातलं आहे एक, कायदेशीर, पेनड्राइव्हवरच चालतं, ॲक्टिव्हेशन मागतच नाही.
मग आधी का नाही बोललीस?
"तू विचारलंस कधी?"

बुध. ११
भाकऱ्या थापताना तेच. गेल्या साली अंबरनाथच्या एका मुलाचा नोकरीचा कागद खोटा निघाला. आई पाया पडली त्याची. तरी त्याच्या बायोडेटाचं पान फाडलं. कागद खोटा तर माणूस बाद, मीच बोलले, सगळ्यांदेखत. आणि तेव्हा माझ्या पर्समध्ये हेच...
पल्लवीला फोन. फुकटातलं टाक.

गुरु. १२
नंदाकडे लावलं. चाललं. आधीचं चोरीचं होतं ते सांगून टाकलं तिला. वाटलं हसेल. ती खुर्ची पुढे ओढून बसली. मग म्हणाली, "मग माझं पण खरं लिहा ताई. मुलगी माझ्यासोबत येणार. पहिल्या ओळीत."
आई म्हणे, कोण येईल मग?
मला तरी काय माहीत. लिहिलं.

येताना किशोरकडे. गिऱ्हाईकं उभी होती, तरी विचारलं, असं अजून किती जणांना दिलंस?
"अरे मावशी, लायसन कौन पूछता है?"
मी विचारते. मेळाव्यात निम्मी माणसं तुझीच गिऱ्हाईकं. चोरीचं आहे हे तू येऊन सांगतोस का मी माइकवर सांगू? शनिवारी पाचपर्यंत बोल.