भट्टीवर कुणाचा शब्द

कर्जत, कार्तिक वद्य पंचमी, शके १८२४

आई, तू जाऊन एकोणीस वर्षे झाली आणि एवढ्या काळात मी तुला एक ओळही लिहिली नाही, याची क्षमा कर. रोजनिशीत सगळ्यांविषयी लिहीत आलो. तुझ्यापाशी आलो की टाक खाली ठेवत होतो.

आज खालापूरला तुझ्या धाकट्या लेकीच्या पोह्यांच्या भट्टीवर गेलो होतो. नवरा गेल्यावर तिने ती सुरू केली, हे तुला ठाऊक नाही. तापल्या वाळूत भिजलेल्या भाताचा वास आला आणि मला आपले परसू दिसले. बाबा गेल्यावर तू भट्टी मोडशील असे साऱ्या गावाला वाटत होते, पण तू मोडली नाहीस. एखादी कांडपीण उशिरा आली तर तिच्या जागी तूच मुसळ घेऊन उभी राहायचीस, आणि ती आली की काही न बोलता मुसळ तिच्या हातात द्यायचीस. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणायची, "वैनी, त्यापरीस शिव्या दे गं बाय." तू नुसती हसायचीस.

भट्टीवाला मात्र बाबांच्या वेळचा. हाताला त्याच्यासारखे वळण दुसऱ्या कुणाला नव्हते, आणि बाईकडून ऐकून घेणे त्याच्या जिवावर येई. तरी चार वर्षे तू त्याला सांभाळलेस. घाणा चांगला उतरला की सगळ्यांदेखत सांगायचीस. चुकला तर भट्टीमागे बोलावून, एकट्याला.

त्या सकाळी तेवढी सवड नव्हती. नेरळच्या दुकानदाराची बैलगाडी दारात उभी आहे आणि घाणा करपला आहे. तू चिमूटभर पोहे नाकाशी नेतेस आणि म्हणतेस, हे जायचे नाहीत, दुसरा घाणा भाज. तो तुझ्याकडे बघतही नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातून आलेला, नवा कोट घालून ओटीवर उभा. माझ्याकडे बघून तो म्हणतो, "मालक, तुमी सांगा. बाईमानसाला ह्यातलं काय कळतंय?" मुसळे थांबली आहेत. पोह्यांतले मला काही कळत नाही. पण मालक असे मला कुणी पहिल्यांदाच म्हणत होते. मी म्हणालो, "जाऊ द्या, चालतील."

गाडी गेली. तू रागावली नाहीस. दुपारी पानात भात वाढताना एवढेच म्हणालीस, "तू चार दिवसांनी जाशील. मला इथंच राहायचंय."

मला वाटले, तुला एकटेपणाविषयी बोलायचे आहे. मी गेल्यावर तू काहीही सांगितलेस की भट्टीवाला म्हणे, मालकांना कागद लिवा, मग बघू. दुकानदाराने ते पोहे परत पाठवले, पुढे गाडी पाठवणेच बंद केले. शिमग्याच्या आत भट्टी विझली. गुडघे धरले आहेत, आता होत नाही, असे तू कळवलेस. मी पुण्याहून उत्तर दिले की बरेच झाले, आता आराम कर. ते पत्र नंतर तुझ्या पेटीत लुगड्यांच्या घडीत सापडले.

आज धाकटी एका गड्याला सांगत होती, हे भात अजून भिजायला हवे. तो सरळ माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमीच सांगा, झालं का नाय?" धाकटी माझ्याकडे बघत राहिली, थेट तुझ्यासारखी. आणि पंचेचाळीस वर्षांचा मी म्हणालो, "झालं असेल."

येताना वाटभर स्वतःला समजावत होतो की एवढ्या तेवढ्याने काय होते. पण काय होते ते मी पाहिले आहे. आजवर कुणी विचारले तर सांगत आलो की आईने गुडघ्यांमुळे भट्टी सोडली. भट्टी विझली त्याच्या पुढच्याच चैत्रात तू पळसदरीला पायी गेलीस आणि पायी परत आलीस. मी बरोबर होतो. तू पुढे चालत होतीस, मी मागे.

हे पान रोजनिशीतच राहील.

उद्या : सकाळीच खालापूरला जाऊन, सगळे गडी असताना, भात किती भिजवायचे ते धाकटीला विचारणे.