माल्टचे जव आणि अहिल्येचे वाल

१२ नोव्हेंबर
रेल्वेतून रिटायर झालो. डोकं झालेलं नाही. आशागडच्या शेतात भात निघाला की बायको, अहिल्या, वाल लावते. यंदा जव! बिअरच्या माल्टसाठी जवाला मोड आणणाऱ्या कंपनीचा यतीन बी देऊन गेला. म्हणाला, पंधरा तारखेच्या आत पेरा, युरिया कमी, दाण्यात प्रोटीन वाढलं की माल्ट बिघडतो. पोरगा घाबरट आहे. अहिल्येशी पैज: कंपनीच्या तपासणीत माझा नमुना नापास झाला तर वर्षभर बिरड्याचे वाल मी सोलायचे. बिचारी हरणार.

१५ नोव्हेंबर
पेरणी स्थगित. आधी शेतावर बोर्ड हवा. पेंटर आगरला बहिणीकडे गेलाय. शेत सांभाळणारा लडक्या म्हणाला, साहेब, ओल हाय तोवर टाकून देऊ. त्याची बायको रूपी तर बांधाकडच्या कोपऱ्यात दोन मुठी पेरूनही आली. शिस्त म्हणून नाही.

१० डिसेंबर
बोर्ड आला, लाकडी, पिवळा. पेरणी संपन्न. पंचवीस दिवस लेट. याहून लेट गाड्या मी वेळेवर पोचवल्यात.

४ जानेवारी
जव फिकट. युरिया, एक गोण. रूपीचा कोपरा वगळला. अनधिकृत पेरणीला खत नाही.

२० जानेवारी, संध्याकाळी ७
अजून दोन गोणी. काय हिरवंगार! रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. आज दोघे थांबले. एकाचं टायर पंक्चर होतं. यतीनचा फोन. युरिया कमीच घातला, असं सांगितलं. तीन गोणी म्हणजे कमीच.

१७ फेब्रुवारी
जव छातीएवढे. पाणीही सढळ हाताने दिलं. लडक्या म्हणाला, साहेब, पीक आडवं पडंल हां. निराशावादी माणूस.

१८ फेब्रुवारी
पडलं. सगळं एकाच दिशेला पडलं, हे विशेष.

२८ मार्च
कापणी. दीड पोतं. दाणे जिऱ्याएवढे. यतीनने माझा नमुना नेला आणि, उगाच, कोपऱ्यातलाही. किती दाण्यांना मोड येतात ते बघायला अहिल्येने माझे शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवलेत.

३१ मार्च
मोड एकसष्टांना. उरलेले विचार करताहेत.

९ एप्रिल
रिपोर्ट. माझा नापास: प्रोटीन जास्त, दाणा बारीक. यतीन म्हणाला, गुरांना घाला. कोपऱ्यातला पास! कोणी पेरला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या मार्गदर्शनाखाली. रूपीने तोंडाला पदर लावला. पुढच्या हंगामाचं बी कंपनी तिलाच देणार आहे.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१२ एप्रिल, दुपार
लडक्या आणि रूपी विवळवेढ्याला जत्रेला गेलेत, महालक्ष्मीला नवे जव वाहायला. मी शेतातला बोर्ड काढून आणला. अहिल्येने त्याचा पाट केला. त्यावरच बसून लिहितोय. समोर परात. वाल तिच्या माहेरचे, कारण आमच्या शेतात यंदा पिकले नाहीत.
सोलता सोलता शंभर मोजले. शंभरांनाही मोड.
अहिल्येला विचारलं, तुझ्या माहेरी वालाला खत कोणतं घालतात?
म्हणाली, सोला.